एका अनुस्वाराची किंमत

'ध' चा 'मा' करणे, हा वाक्प्रचार ठाऊक नाही असा माणूस मराठी मुलखात विरळा. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकुमात 'धरावे' असा शब्द होता आणि कोणी तरी त्याचा 'मारावे' केला, अशी गोष्ट लोक सांगत आले आहेत. तिच्यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद आपण बाजूला ठेवू. पण ही गोष्ट लोकांनी अडीचशे वर्षे जपली, कारण तिच्यातली भीती खरी आहे. एक अक्षर बदलले आणि माणूस जिवानिशी गेला.

आता याच काळाची दुसरी बाजू पाहा. त्या वेळचा मराठी कारभार मोडी लिपीत चालत असे. मोडी लिहिताना ह्रस्व-दीर्घाचा भेद कोणी पाळत नसे. शब्द एकमेकांना चिकटलेले. आजच्यासारखी विरामचिन्हे नाहीत. तरीसुद्धा त्याच लिपीत तहनामे झाले, वतने दिली गेली, साऱ्याचे हिशेब लिहिले गेले. 'पाटील' या शब्दाची वेलांटी चुकली म्हणून कोणाची पाटीलकी गेल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे एकीकडे एका अक्षरापायी जीव गेल्याची गोष्ट, आणि दुसरीकडे ह्रस्व-दीर्घावाचून चाललेले अख्खे राज्य. मग व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या चुकांना महत्त्व द्यायचे की नाही? याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. कारण सगळ्या चुका सारख्या नसतात. शेतात तण माजते, ते सगळेच पिकाचा घास घेते असे नाही. जाणता शेतकरी आधी कोणते उपटायचे ते बघतो. चुकांचेही तसेच आहे.

चूक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. कोणी, कोणाला, किती आणि केव्हा, या चार प्रश्नांचे उत्तर जिच्यामुळे बदलते, ती चूक मोठी. जिच्यामुळे यातले काहीच बदलत नाही, ती लहान.

आपले अनुस्वाराचे टिंबच घ्या. वाटणीच्या कागदात एकाने लिहिले, 'विहिरीचे पाणी भावाच्या शेताला मिळावे.' दुसऱ्याने लिहिले, 'विहिरीचे पाणी भावांच्या शेताला मिळावे.' फरक टिंबाएवढाच. पण पहिल्या वाक्यात पाण्याचा धनी एक भाऊ आहे, दुसऱ्यात सगळे आहेत. 'माझी जमीन मुलाच्या नावे करावी' आणि 'मुलांच्या नावे करावी', यातही तीच गत. शिवाय 'मुलांच्या' म्हटले की त्यात मुली धरायच्या की नाहीत, हा आणखी एक तंटा उभा राहतो. लिहिणारा हयात असतो तोवर विचारता येते. तो गेल्यावर त्या टिंबाशिवाय दुसरा साक्षीदार उरत नाही. म्हणून अशा कागदात 'मुलाच्या', 'मुलांच्या' एवढ्यावर न भागवता प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहावे, हे शहाणपणाचे.

कायद्यानेही चुकांमध्ये हाच भेद केला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ सालचा आहे. त्याच्या ७६ व्या कलमात असे म्हटले आहे की, मृत्युपत्रात ज्याला द्यायचे त्याच्या नावात किंवा वर्णनात चूक झाली, पण माणूस कोणता ते मजकुरावरून पुरते कळते, तर त्या चुकीने त्याचा हक्क बुडत नाही. आणि ८९ वे कलम सांगते की, ज्या लिखाणातून निश्चित हेतूच कळत नाही, ते संदिग्धतेमुळे रद्द ठरते. म्हणजे 'सुनील' ऐवजी 'सुनिल' लिहिले एवढ्यावरून कायदा कोणाला बेदखल करीत नाही. पण 'कोणाला' आणि 'किती' हेच कळले नाही, तर कायद्याचाही नाइलाज होतो.

आकड्यांचे पाहा. 'सात हजार' आणि 'साठ हजार' यांत अक्षर एकच वेगळे आहे. पण हिशेबात त्रेपन्न हजारांचा फरक. म्हणून तर पावतीवर आणि धनादेशावर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, अशी दोनदा लिहायची पद्धत आहे. दोन्ही जुळली नाहीत तर काय? १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाचे १८ वे कलम म्हणते की अक्षरी रक्कम खरी धरावी. बँक असा धनादेश परत पाठवू शकते, ती गोष्ट वेगळी. पण कायद्याने भरवसा ठेवला तो अक्षरांवर. आकड्यावर एखादे शून्य सहज चढते. अक्षरांत तशी भर घालणे इतके सोपे नाही. तेव्हा अक्षरे लिहिताना हात सावध हवा.

ह्रस्व-दीर्घानेही क्वचित असा घोटाळा होतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा, गरीब. ५ सप्टेंबरला शाळेच्या फळ्यावर मुलांनी मोठ्या प्रेमाने 'शिक्षक दीन' असे लिहिले, तर गुरुजींनी हसावे की रडावे? 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यास दक्षिणा दिली' म्हटले तर ती गुरूला गेली, आणि 'आचाऱ्यास दिली' म्हटले तर स्वयंपाक्याला. हे शब्द वर्गात सांगितले की मुले हसतात, आणि हसत हसत जे कळते ते विसरत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूला वळू. खेड्यातले मूल 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते. मालवणाकडे 'मला' या अर्थी 'माका' म्हणतात, वऱ्हाडात 'मले' म्हणतात. कोल्हापूरकडच्या कित्येक बाया 'मी आलो' असे म्हणतात. या चुका आहेत काय? नाहीत. ती त्या त्या मुलखाची बोली आहे, आणि बोलीला तिचे स्वतःचे व्याकरण असते. वऱ्हाडी माणूस 'मले' म्हणतो तो दर वेळी 'मले'च म्हणतो. आज एक आणि उद्या दुसरे, असे नाही. जिथे नियम आहे तिथे चूक कशी म्हणायची?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्यांच्या तोंडून निघालेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून वाचली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. ते छापताना कोणी त्यांची बोली 'शुद्ध' करायला बसले असते तर? शुद्धलेखन राहिले असते आणि बहिणाबाई निघून गेल्या असत्या.

मग प्रमाण लेखन शिकवायचे तरी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर बाजारात मिळेल. पूर्वी धान्य पायलीने मापत. पण एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीएवढी नसे. गावात त्यावाचून कोणाचे अडत नव्हते, कारण गावाला आपले माप ठाऊक होते. अडायचे ते परगावच्या व्यापाऱ्याशी गाठ पडली की. मग १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर किलो आणि लिटर आले. जुनी पायली खोटी होती, असे त्यामुळे ठरले नाही. एवढेच की, परक्याशी व्यवहार करायला दोघांनाही मान्य असे एक माप लागते. प्रमाण लेखन म्हणजे असे माप. चंद्रपूरच्या माणसाने लिहिलेला अर्ज सावंतवाडीच्या माणसाला वाचता यावा, त्याने 'कोण' लिहिले ते वाचणाऱ्याने भूमितीतला 'कोन' समजू नये, यासाठी ते आहे. घरात पायली वापरा, बाजारात किलो वापरा. दोन्ही आले म्हणजे माणूस कुठे अडत नाही.

आणि हे माप माणसांनीच ठरवलेले आहे, हेही विसरू नये. आपल्या आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार दिसतील. त्या काळी तेच शुद्ध होते. मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले, त्याने लेखनाचे चौदा नियम केले आणि १९६२ साली शासनाने ते स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले ते अनुस्वार तेव्हा गेले. आज तोच शब्द आजोबांसारखा लिहिला तर चूक धरतात. काल शुद्ध ते आज अशुद्ध होते, यावरून हे कळावे की शुद्धलेखनाची चूक म्हणजे पाप नव्हे, आणि ती करणारा अडाणीही नव्हे.

मात्र त्याच नियमांनी 'मुलाच्या' आणि 'मुलांच्या' यांतला अनुस्वार काढला नाही, तो राखला. कारण तो काम करतो. तो एकाचे अनेक करतो. 'वडिलांनी सांगितले', 'बाईंना विचारा' यांत तर माणूस एकच असून अनुस्वार येतो, तो आदराचा. जे टिंब काम करीत नव्हते ते गेले, जे करीत होते ते राहिले. नियम करणाऱ्यांनीही लहान-मोठे पाहिलेच होते.

शिक्षक बंधुभगिनींना यातून एक सुचवावेसे वाटते. निबंधाची वही तपासताना प्रत्येक चुकीवर तांबडी रेघ ओढली, तर पान तांबडे होते आणि मूल घाबरते. पुढच्या खेपेला ते चार ओळींवर थांबते, आणि त्या चार ओळींतही आपल्याला येतात तेवढेच शब्द वापरते. चुका कमी झाल्या असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे लिहिणे कमी झालेले असते. त्यापेक्षा आधी अर्थ बदलणाऱ्या चुका दाखवाव्यात. बाकीच्यांतला एका वेळी एकच नियम घ्यावा. उदाहरणार्थ : फूल, पण फुलाला, दूध, पण दुधात, विहीर, पण विहिरीत, बहीण, पण बहिणीला. शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना ते ह्रस्व होते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'गीत'सारखे शब्द तेवढे तसेच राहतात; 'गीतात'. हा एक नियम पक्का झाला की शेकडो शब्द आपोआप सुधारतात. आणि मूल 'पानी' म्हणाले तर त्याला 'चुकलास' म्हणू नये. 'घरी पानी म्हणतोस ते बरोबर, वहीत पाणी लिही,' एवढे सांगावे. मुलाची भाषा ही त्याच्या आईची भाषा असते. तिला नावे ठेवली तर मूल आपले तोंड मिटून घेते.

मोठ्या माणसांचेही असेच आहे. 'आपल्याला शुद्ध लिहिता येत नाही,' या लाजेपायी कितीक जण हक्काचा अर्ज करीत नाहीत, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली न वाचता सही करतात. हे नुकसान कुठल्याही वेलांटीच्या चुकीपेक्षा मोठे आहे. वेडेवाकडे का होईना, आपले आपण लिहावे. मग ज्याला त्या प्रकरणाची काही माहिती नाही अशा माणसाला ते मोठ्याने वाचायला सांगावे. कोणी, कोणाला, किती, केव्हा, हे त्याला बिनचूक सांगता आले की कागद पास झाला.

नावाच्या बाबतीत मात्र आता जास्त जपायला हवे. पूर्वी गावकामगार तलाठी माणसाला तोंडावरून ओळखायचा. 'दिलिप' काय अन् 'दिलीप' काय, त्याला एकच. आता नोंदी संगणकावर आहेत. यंत्राला तोंडओळख नसते, ते अक्षराला अक्षर जुळवून बघते, आणि एका वेलांटीच्या फरकापायी दोन कागदांवरची दोन नावे वेगळी ठरू शकतात. तेव्हा सातबारा, शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एके ठिकाणी घेऊन बसावे आणि नाव चारही ठिकाणी सारखे आहे का ते पाहावे. सातबारावर हाताची चूक झाली असेल तर तिला महसुली भाषेत लेखनप्रमाद म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५ खाली ती दुरुस्त होते, त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. जन्ममृत्यूच्या नोंदीतली चूक १९६९ च्या अधिनियमाच्या १५ व्या कलमाने निबंधकाकडे दुरुस्त करून घेता येते. घरात लिहिते-वाचते मूल असेल तर कागद ताडून बघायचे हे काम त्याच्याकडे द्यावे. ह्रस्व-दीर्घ कशासाठी शिकायचे, हे त्याला त्या चार कागदांवरून जितके चांगले कळेल, तितके निबंधाच्या वहीवरून कळणार नाही.