पूर्व प्रशियातील वार्मिया धर्मप्रांत

युरोपच्या आजच्या नकाशात 'पूर्व प्रशिया' हे नाव शोधूनही सापडणार नाही. बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरील हा जर्मन प्रांत दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, संपुष्टात आला. उत्तरेकडील भाग सोव्हिएत संघाकडे गेला व दक्षिण भाग पोलंडला मिळाला. परंतु या प्रांतातील वार्मिया हा कॅथलिक धर्मप्रांत मात्र आजही टिकून आहे.

१२४३ साली स्थापन झालेला हा धर्मप्रांत १४६६ पासून पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होता. १५२५ साली शेजारच्या प्रशियाचा शासक आल्ब्रेख्त ल्युथरपंथी झाला व प्रजाही त्याच्यामागे गेली. वार्मिया मात्र कॅथलिक राहिला. सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस याच धर्मप्रांताच्या फ्राउएनबुर्ग कॅथेड्रलचे कॅनन होते. १७७२ साली प्रशियाने वार्मिया आपल्या राज्यास जोडला. तेथे जर्मन व पोलिश असे दोन्ही भाषिक भाविक एकाच वेदीभोवती जमत असत.

१९४५ च्या जानेवारीत सोव्हिएत सेना चालून आली. लाखो लोक कडाक्याच्या थंडीत घरेदारे सोडून निघाले. कित्येकजण गोठलेली खाडी पायी ओलांडताना मृत्युमुखी पडले. बिशप माक्सिमिलियन कालर यांना नाझींनी बळजबरीने धर्मप्रांताबाहेर नेले. युद्ध संपताच ते आपल्या कळपाकडे परतले. परंतु आता तेथे पोलिश सत्ता होती. त्यांना अधिकार सोडून पुन्हा निघावे लागले. १९४६ साली पोप बारावे पायस यांनी त्यांच्यावर निर्वासित जर्मनांची आध्यात्मिक जबाबदारी सोपविली. १९४७ साली फ्रँकफुर्ट येथे त्यांचे निधन झाले.

रिकाम्या झालेल्या गावांत आलेल्या पोलिश लोकांपैकी अनेकजण स्वतःच पूर्वेकडील आपल्या घरांना मुकलेले होते. विस्थापितांच्या जागी विस्थापितच आले! अशा जखमा सहजी भरत नाहीत. तरीही १९६५ साली पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. त्याबद्दल त्यांना मायदेशी कम्युनिस्ट सरकारचा रोष पत्करावा लागला.

१९९२ साली वार्मिया महाधर्मप्रांत झाला. १९४५ साली सोव्हिएत सैनिकांच्या अत्याचारांना बळी पडलेल्या संत कॅथरिन संस्थेच्या पंधरा धर्मभगिनींना २०२५ च्या मे महिन्यात, पोलंडमधील ब्रानिएव्हो येथे, धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्या भूमीतून जर्मनांना जावे लागले, तेथेच आता पोलिश भाविक या जर्मन भगिनींची मध्यस्थी मागतात. १९६५ च्या त्या पत्राला याहून सुंदर उत्तर कोणते असू शकेल?