परीक्षा झाली, आता ड्यूटी दाखवा!

पडद्यावरची लेडी ऑफिसर अजून ‘मला जमतं हो’ हेच पटवून देतेय. इकडे नाशिकच्या आकाशात मात्र ती केव्हाच कामाला लागलीय!

सीन ओळखीचा आहे. हेलिकॉप्टर उतरतं, धूळ उडते, म्युझिक चढत जातं. पायलट हेल्मेट काढते आणि केस मोकळे सुटतात. अर्थात स्लो मोशनमध्ये! बाजूला उभे असलेले दोघं-तिघं ऑफिसर एकमेकांकडे बघतात. हिला जमणार का? पुढचे दोन तास ती एकच काम करते, जमतं हे दाखवायचं. शेवटी कडक सॅल्यूट, डोळ्यांत पाणी, थिएटरमध्ये टाळ्या.

टाळ्या मीही वाजवते, खोटं कशाला बोलू? पण नाशिकमध्ये राहून हा सीन चौथ्यांदा बघितला की डोक्यात किडा वळवळायला लागतो. कारण खरी गोष्ट आपल्या गच्चीवरून दिसते.

दोघीच का, हे कुणी दाखवलं?

उपनगर किंवा गांधीनगरला राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज म्हणजे शेजारच्या मिक्सरसारखा. कुणी मान वर करत नाही. तिथल्या एअरफील्डवर आर्मीचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, म्हणजे आपलं ‘कॅट्स’. २५ मे २०२२ ला तिथे कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या युनिफॉर्मवर ‘विंग्ज’ लागल्या आणि त्या आर्मी एव्हिएशन कोअरच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. वडील आर्मीत कर्नल, स्वतः २०१८ मध्ये एअर डिफेन्समध्ये कमिशन घेतलेलं.

आता यातली खरी थ्रिलर ऐका. या ट्रेनिंगसाठी १५ महिला अधिकाऱ्यांनी नाव दिलं होतं. पायलट अ‍ॅप्टिट्यूडची टेस्ट आणि मेडिकल यांच्या चाळणीतून उरल्या फक्त दोघी. त्या टेस्टमध्ये नेमकं काय होतं? हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी किती वेगाने चालावं लागतं? बाकीच्या तेरा जणींनी त्या संध्याकाळी काय केलं असेल? मला हा सिनेमा बघायचाय. पण बॉलिवूडला खडूस सीनियरशिवाय गोष्टच सुचत नाही.

व्हिलन घरचाच!

मास कॉमला एक फंडा घोटून घेतला होता, कॉन्फ्लिक्ट नाही तर स्टोरी नाही. कबूल. पण कॉन्फ्लिक्ट दरवेळी तोच का? ‘द टेस्ट केस’ (२०१७) या वेबसिरीजच्या नावातच परीक्षा. निम्रत कौरची कॅप्टन शिखा शर्मा लढाऊ ट्रेनिंगला जाणारी पहिली बाई, आणि अख्खी सिरीज तिची पारख. ‘फायटर’मध्ये (२०२४) दीपिका चांगली हेलिकॉप्टर पायलट दाखवलीय, पण वडिलांचा राग निवळण्यासाठी हृतिकला जाऊन त्यांची समजूत काढावी लागते.

आणि मग ‘गुंजन सक्सेना: द कारगिल गर्ल’ (२०२०). १९९९ च्या कारगिल युद्धात चीता हेलिकॉप्टर उडवणारी खरी बाई. दुसरा कुठला व्हिलन लागावा? डोंगर आहेत, हवा विरळ आहे, समोरून फायरिंग आहे. पण सिनेमात सगळ्यात जास्त लक्षात राहतो तो पंजा लढवायचा सीन. स्वतःच्या बेसवर, सगळ्यांसमोर अपमान. एअरफोर्सने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून आक्षेप घेतला. गुंजन यांच्याबरोबरच्या पायलट श्रीविद्या राजन यांनी असं काही घडलंच नव्हतं असं सांगितलं. खुद्द गुंजन यांचं म्हणणं होतं की भेदभाव काही व्यक्तींकडून झाला, संस्थेकडून नाही. म्हणजे त्रास नव्हताच असं नाही. पण तो त्रास आणि सिनेमातला त्रास यात बरंच अंतर आहे.

अज्या, शीतली आणि स्वाती महाडिक

टीव्हीचं काय? १९९० च्या दशकात दूरदर्शनवर पल्लवी जोशीची ‘आरोहण’ होती, नेव्हीत जाणाऱ्या मुलींची. आमच्या आधीच्या पिढीला ती अजून आठवते. मराठीत मात्र युनिफॉर्म पुरुषांच्याच अंगावर राहिला. २०१७ मध्ये झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ आली. सातारकडची भाषा झकास, शीतली तडफदार, पण फौजी कोण होणार? अज्या!

त्याच वर्षी ९ सप्टेंबरला चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून स्वाती महाडिक लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले होते. दोन मुलांची आई, पस्तिशीच्या आसपासचं वय, आणि आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरींबरोबर पहाटेची ड्रिल. एकाच जिल्ह्याच्या दोन गोष्टी. प्राइम टाइमला आली ती अज्याची.

मावशीचा प्रश्न

‘एवढं काय, सिनेमाच तर आहे,’ असं म्हणाल. थांबा. माझी मावसबहीण सीडीएसचा अभ्यास करतेय. मावशीला युद्धाची भीती वाटत नाही, तिचा प्रश्न वेगळाच, ‘तिथे तुला असंच वागवणार का गं?’ हे ‘असंच’ तिने मोबाइलवर सिनेमात बघितलंय. माझ्या बहिणीची एसएसबी अजून व्हायचीय, पण घरातली मुलाखत पडद्याने आधीच अवघड करून ठेवलीय.

आणि हे फक्त घरापुरतं नाही. महिला अधिकाऱ्यांच्या पर्मनंट कमिशनची केस सुप्रीम कोर्टात चालली, तेव्हा केंद्र सरकारतर्फे एक मुद्दा असा होता की बहुतेक जवान ग्रामीण भागातून येतात, महिलेचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने तो फेटाळला. पण बघा, ही तर आपल्या सिनेमांची स्क्रिप्टच झाली!

खरा कॉन्फ्लिक्ट त्या केसमध्ये होता. पर्मनंट कमिशन नसलं की १४ वर्षांनी घरी, आणि पेन्शनला लागतात २० वर्षं. करिअर ऐन रंगात आलेलं असताना बाहेर पडायचं, तेही पेन्शनशिवाय. आपल्यासारख्या अप्रेझल, ईएमआयवाल्या पब्लिकला याहून जवळचा विषय कोणता? यावर सिनेमा कुठाय?

बेस्ट सीन लाइव्ह होता

गेल्या काही वर्षांतला टीव्हीवरचा सगळ्यात भारी सीन कुठल्याही डायरेक्टरने घेतलेला नाही. ७ मे २०२५, ऑपरेशन सिंदूरची पहिली ब्रीफिंग. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. म्युझिक नाही, स्लो मोशन नाही. ठिकाणं, वेळा, टार्गेट्स. माहिती दिली, विषय संपला. ‘मी बाई असूनही’ असं एक वाक्य नाही. याच कर्नल कुरेशींनी २०१६ मध्ये पुण्यातल्या १८ देशांच्या ‘फोर्स १८’ सरावात भारताच्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व केलं होतं. तेव्हा कुणाला सिनेमा सुचला नाही.

मालमसाला अजून भरपूर पडलाय. पडद्यावर बाई म्हणजे ऑफिसरच असते. पण मे २०२१ मध्ये मिलिटरी पोलिसच्या ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बेंगळुरूत पासआउट झाली. २९ एप्रिल २०२३ ला पाच महिला अधिकारी तोपखान्यात दाखल झाल्या, आणि तोपखान्याचं स्कूल आपल्या देवळालीतच आहे. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुली बाहेर पडल्या. रायटर मंडळी, मुंबईहून तीन-चार तासांचा रस्ता आहे, कसारा घाटात चहा घ्या आणि या.

याच नाशिकने सिनेमाला एकदा हा धडा दिलाय. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंकेंनी साडी नेसली. मग फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवलं आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. तेव्हा बाईने सिनेमात काम करावं का, हाच मोठा प्रश्न होता. आज ‘हिला अभिनय जमेल का’ या प्रश्नावर कुणी दोन तासांचा सिनेमा काढेल का? हसतील लोक!

युनिफॉर्मवालीच्या बाबतीतही तेच व्हायचंय. ती चुकलेली, वैतागलेली, जोक मारणारी, रजा मागणारी, ज्युनियरला झापणारी दिसली पाहिजे. सिद्धबिद्ध काही न करता. तोवर गांधीनगरवरून हेलिकॉप्टर गेलं तर एकदा मान वर करून बघा. आत कोण बसलंय ते खालून कळत नाही. आणि तेच तर भारी आहे.