घाटातल्या पाखरांना खिंड आडवी, माळढोकाला माणूस

येवला तालुक्याच्या ईशान्येला ममदापूर, राजापूर, खरवंडी या गावांचा मुरमाड माळ आहे. पाऊस कमी, कुसळी गवत आणि हरणांचे कळप. काळविटांसाठी इथं राखीव क्षेत्रही जाहीर झालं आहे. पण गावोगावचे असे माळ आपण ‘पडीक’ म्हणूनच धरतो. त्यांचं मोल पाखरांच्या कुळकथेवरून समजतं.

शेतकऱ्याला रक्ताचं महत्त्व सांगायला नको. एकाच वळूची पैदास पिढ्यान्‌पिढ्या गावात फिरली की जनावरं खुजी होतात, रोगाला बळी पडतात. म्हणून वळू बाहेरगावचा आणतात. पाखरांचंही तसंच आहे.

खिंडीनं केली वाटणी

केरळ-तमिळनाडूच्या हद्दीवर पश्चिम घाटाची रांग पालघाटजवळ तुटते. तिथं तीस-चाळीस किलोमीटर रुंदीची सखल खिंड आहे. माथ्यावरच्या थंड जंगलातली लहान पाखरं उष्ण सखल भागात उतरत नाहीत. हिमयुगांत हवामान बदललं तशी ही जंगलं कधी पसरली, कधी आक्रसली. खिंड मात्र कायम राहिली. डोंगरी पाखरांच्या २३ जातींची जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी २०१५ साली निष्कर्ष मांडले. त्यांतल्या १० जातींत खिंडीच्या अलीकडची आणि पलीकडची पाखरं रक्तानं वेगळी निघाली. भावकीची ही वाटणी फार जुनी आहे.

माळढोकाचं उलटं

आपल्यासारख्याच कोरड्या माळावरचा माळढोक मात्र लांबवर भटकणारा. पाच राज्यांतल्या ६३ नमुन्यांची तपासणी २०११ साली प्रसिद्ध झाली. प्रांताप्रांताचं वेगळं कूळ दिसलं नाही. सगळ्यांचं रक्त जवळपास एकच. वीस ते चाळीस हजार वर्षांपूर्वीही त्यांची संख्या घटली असावी, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे मुळातच शिदोरी थोडी.

पुढं शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सोलापूरच्या नान्नजसह नगर जिल्ह्यातल्या काही भागासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तरी राज्यात हा पक्षी जवळजवळ संपला. आज देशात दीडशेच्या आतच उरलेत, बहुतेक राजस्थानात. पूर्वी निसर्गानं न घातलेली आडकाठी आपण घातली.

गावानं काय करावं?

येवल्यात माळढोक परत येईल, असं कुणी म्हणू नये. पण तित्तिर, लावे, चंडोल, टिटवी ही जमिनीवर अंडी घालणारी पाखरं अजून आहेत. गायरान सलग राहील, त्याचे तुकडे पडणार नाहीत, हे सरपंच-तलाठ्यांनी बघावं. अतिक्रमणाचा विषय ग्रामसभेत घ्यावा. वाळलेल्या गवताला काडी लावू नये. विणीच्या दिवसांत काही पट्टा चराईला बंद ठेवावा. पावसाळ्यानंतर तेच गवत कापून चारा होतो. दुष्काळी तालुक्यात तो कुणाला नको आहे?