ढोकीच्या माथ्यावरचा पल्सार

धाराशिव जिल्ह्यातले ढोकी सगळ्यांना ठाऊक आहे ते तेरणा साखर कारखान्यामुळे. गावाचे अक्षांश अठराच्या थोडे पुढे. त्यामुळे डिसेंबरच्या मध्याला, मध्यरात्रीच्या सुमारास, विश्वातले एक मोठे नवल गावाच्या जवळजवळ माथ्यावर येते. आधी वृषभ राशीतली तांबूस रोहिणी शोधायची, मग तिच्या पूर्वेला बैलाची दोन शिंगे. दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकापासून जेमतेम अंशभरावर क्रॅब तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. लहान दुर्बिणीत धुरकट डागासारखा दिसतो. त्या डागाच्या पोटात क्रॅब पल्सार गरगरतो आहे.

४ जुलै १०५४ रोजी चिनी निरीक्षकांना तिथे नवा तारा उजळलेला दिसला आणि पुढे २३ दिवस तो भर दिवसाही दिसत राहिला. आपल्या मुलखावर तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. तो नवा तारा म्हणजे खरे तर एका ताऱ्याचा स्फोट होता. फुटलेल्या ताऱ्याचा गाभा आक्रसून मागे उरला, तोच हा पल्सार, म्हणजे गरगरणारा न्यूट्रॉन तारा. असे तारे वजनाला सूर्याहून भारी आणि व्यासाने अवघे पंचवीसेक किलोमीटर असतात. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो. हा तारा तीस घेतो. तो मंदावतोही आहे, पण रोज फेऱ्याच्या वेळात भर पडते ती ३६ नॅनोसेकंदांच्या आसपास. एवढ्याशा मंदावण्यातून बाहेर पडणारी ऊर्जा सूर्याच्या लाखपट आहे! अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशगंगेच्या हिशेबाने तसा शेजारीच.

या ताऱ्याचे क्ष-किरण ढोकीपर्यंत पोहोचत नाहीत. हवा ते वरच शोषून घेते. म्हणून उपकरण हवेच्या वर न्यावे लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोने ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला आणि तो ६५० किलोमीटर उंचीवर फिरू लागला. त्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या उपकरणामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा अनेक संस्थांचे श्रम आहेत. त्याची माहिती आयुकातल्या केंद्रात येते आणि तिथे तिच्यावर प्रक्रिया होते.

सीझेडटीआयच्या आत कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या सोळा हजारांहून अधिक चौकटी आहेत, एकेक अडीच मिलिमीटरची. क्ष-किरणाचा कण कधीकधी एका चौकटीवर आदळतो, थोडी ऊर्जा तिथे सोडतो आणि उसळून शेजारच्या चौकटीत संपतो. तो कोणत्या बाजूला उसळला याला महत्त्व आहे, कारण किरणांच्या कंपनाला ठरावीक दिशा असेल, तर उसळी त्या दिशेशी काटकोनात जास्त वेळा पडते. अशा जोड्या मोजत गेले की किरण किती ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारे, आहेत ते कळते. एका जोडीवरून काहीच कळत नाही, त्यामुळे दीड वर्षाच्या काळात एकूण सुमारे आठ लाख सेकंद क्रॅबकडे नजर लावली गेली.

पण प्रत्येक कण ताऱ्याच्या फेऱ्यात नेमका कधी निघाला, हेही कळायला हवे. उपग्रहाच्या घड्याळाची चूक हजारांश सेकंदाची असली तरी सगळा हिशेब विस्कटतो. ते घड्याळ पडताळायला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी आणि उटीची दुर्बीण अशा दोन रेडिओ दुर्बिणी कामी आल्या. तोच तारा जमिनीवरून रेडिओ लहरींत पाहिला गेला आणि दोन्हीकडच्या वेळा जुळवल्या गेल्या. उपग्रहाच्या बातमीत खोडदचे नाव सहसा येत नाही; यायला हवे.

संतोष वडवळे, ए. आर. राव, दीपांकर भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रोनॉमी’त आला. सरासरी ध्रुवीकरण ३३ टक्क्यांच्या आसपास भरले. खरा धक्का मात्र पुढेच होता. प्रत्येक फेऱ्यात क्रॅबचे दोन झोत आपल्याकडे येतात आणि मध्ये तारा शांत असतो. त्या शांत काळात दिसते ते भोवतालच्या तेजोमेघाचेच तेज, असे मानले जाई. ध्रुवीकरणात सर्वांत झपाट्याने बदल आढळला तो नेमका त्याच काळात. म्हणजे झोत दिसत नसतानाही तारा काहीतरी करत असतो. पल्सारच्या प्रचलित सिद्धान्तांना याचे उत्तर सहज देता आले नाही.

ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी बनवला होता. तो त्यानंतरही निरीक्षणे करत राहिला. त्याची जुनी निरीक्षणे २०१८ पासून सर्वांसाठी खुली आहेत. धाराशिव-लातूरकडे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी ती इस्रोच्या संकेतस्थळावरून जरूर उतरवून घ्यावीत. त्यासाठी पैसे पडत नाहीत.