क्वाबिन जलाशय : पिण्याचे पाणी आणि गळाची मासेमारी

धरण बांधून शहरांना पिण्याचे पाणी पुरविले जाते, तेथे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. या पाण्यात लोकांना होड्या नेऊन मासे धरू द्यावेत काय? सरसकट बंदी घातली, तर परिसरातील लोकांचा जलाशयाशी असलेला संबंध तुटतो. मुक्त परवानगी दिली, तर लाखो नागरिकांच्या आरोग्याला धोका पोहोचण्याचा संभव असतो. अमेरिकेच्या ईशान्य भागातील मॅसॅच्युसेट्स राज्याने क्वाबिन जलाशयावर या दोहोंतून मार्ग काढला आहे. ट्राउट आणि सॅल्मन या माशांसाठी तेथे दरवर्षी असंख्य हौशी मासेमार येतात, आणि त्याच जलाशयाचे पाणी बोस्टन व परिसरातील २५ लाखांहून अधिक लोक पितात.

चार गावांच्या जागी जलाशय

बोस्टन शहराची वाढती तहान भागविण्यासाठी स्विफ्ट नदीचे खोरे निवडण्यात आले आणि त्यासाठी १९२७ मध्ये कायदा करण्यात आला. विन्सर धरण आणि गुडनो बंधारा या दोन मातीच्या बांधांनी खोरे अडविण्यात आले. या कामी डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट या चार गावांना आपले अस्तित्व गमवावे लागले. तेथील गाव म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी स्वराज्य संस्था होय. या चारही संस्था २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्याने विसर्जित झाल्या. आदल्या रात्री एनफील्डच्या सभागृहात ग्रामस्थ निरोपासाठी एकत्र जमले होते. सुमारे २,५०० लोकांना घरे सोडावी लागली. साडेसात हजारांहून अधिक मृतांचे अवशेष जुन्या दफनभूमींतून उचलून नव्या जागी पुरण्यात आले. घरे पाडून व झाडे तोडून खोरे साफ करण्यात आले.

१९३९ मध्ये पाणी साठविण्यास प्रारंभ झाला आणि १९४६ मध्ये जलाशय पूर्ण भरला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस किलोमीटर असून साठवणक्षमता सुमारे ५५ अब्ज घनफूट, म्हणजे आपल्या कोयना धरणाच्या जवळजवळ निम्मी आहे. पूर्वीच्या टेकड्यांची आता बेटे झाली आहेत. पाण्याखाली जाणारे जुने रस्ते काठावर आजही दिसतात. डेना गावाचा मध्यवर्ती चौक पाण्याच्या वर राहिला असून तो स्मृतिस्थळ म्हणून जतन केलेला आहे. मासेमारीसाठी होडी लोटणारा मनुष्य एके काळच्या शेतांवरून आणि अंगणांवरून जात असतो. या पाण्याची किंमत कोणी तरी मोजलेली आहे, ही जाणीव तेथील कडक नियमांमागे आहे.

थंड पाण्याचे मासे

ट्राउट व सॅल्मन हे एकाच कुळातील मासे होत. त्यांना थंड व प्राणवायूने समृद्ध असे पाणी लागते. क्वाबिनमध्ये 'लेक ट्राउट' ही खोल पाण्यात राहणारी जात आणि समुद्राकडे न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा सॅल्मन असे दोन्ही मासे आहेत. लेक ट्राउट शरद ऋतूत खडकाळ भागात अंडी घालतो आणि जलाशयात त्याची नैसर्गिक पैदास होते. सॅल्मनची संख्या मात्र राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने सोडलेल्या पिलांवर मुख्यतः अवलंबून आहे. स्मेल्ट नावाचा लहान मासा हे या दोघांचे मुख्य खाद्य आहे.

हे मासे कोठे सापडतील, हे पाण्याचे तापमान ठरविते. हिवाळा संपून बर्फ वितळले की वरपासून खालपर्यंत सर्व पाणी सारखेच थंड असते. त्या वेळी मासे पृष्ठभागाजवळ येतात. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो व खालच्या जड, थंड पाण्यावर तरंगत राहतो. दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. मग ट्राउट व सॅल्मन खालच्या थंड थरात उतरतात. म्हणून एप्रिलमध्ये काठावरून गळ टाकणाऱ्यालाही मासा मिळू शकतो, परंतु जुलैमध्ये होडी आणि खोलवर जाणारा गळ यांवाचून निभाव लागत नाही.

मासेमारीचा एक दिवस

मासेमारीचा हंगाम साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. होडी पाण्यात उतरविण्यासाठी तीन ठिकाणे ठरवून दिलेली आहेत आणि तेथे भाड्याच्या होड्याही मिळतात. मासेमाराजवळ राज्याचा परवाना असावा लागतो. केवळ क्वाबिनपुरता एक दिवसाचा परवाना घेण्याचीही सोय आहे.

अनुभवी मासेमार पहाटेच पाण्यावर जातो. इंजिन अगदी संथ ठेवून तो होडीमागे चकाकते कृत्रिम आमिष ओढत राहतो. स्मेल्टसारखे दिसणारे हे आमिष पाहून सॅल्मन झडप घालतो. उन्हाळ्यात गळ नेमक्या खोलीवर नेण्यासाठी वजनदार दोरी अथवा जड गोळ्याचे साधन वापरतात. ध्वनिलहरींच्या यंत्रावर तळाचे चढउतार आणि स्मेल्टचे थवे दिसतात. गळाला लागलेला मासा ठरवून दिलेल्या लांबीपेक्षा लहान असेल, तर तो तत्काळ पाण्यात परत सोडावा लागतो. एका दिवसात किती मासे घरी न्यावयाचे यालाही मर्यादा आहे. दिवस मावळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळेपूर्वी होडी काठाला आणावी लागते.

नियम आणि त्यांची कारणे

बोस्टनला जाणारे क्वाबिनचे पाणी गाळण प्रकल्पातून जात नाही. ओझोन आणि अतिनील किरण यांनी ते जंतुरहित केले जाते. गाळण प्रकल्पाचा प्रचंड खर्च टाळता आला, याचे कारण पाणलोट क्षेत्र राखलेले आहे. हे रक्षण ढिले पडले, तर ही बचतही हातची जाईल. म्हणूनच पोहणे, मद्यपान, कुत्री आणणे आणि हिवाळ्यात बर्फावर बसून मासेमारी करणे यांस बंदी आहे. इंजिनाच्या शक्तीवर मर्यादा आहे. जेथून पाणी उचलले जाते त्या बाजूचा भाग होड्यांना बंद असून त्याची सीमा तरंगत्या खुणांनी दाखविलेली असते. क्वाबिनचे पाणी पुढे वाचुसेट जलाशयात जाते. तो बोस्टनला अधिक जवळ आहे. तेथे मासेमारी केवळ काठावरूनच करता येते, होडीला मुळीच प्रवेश नाही. पाणी नळाच्या जितके जवळ, तितके निर्बंध कडक, असे हे सरळ सूत्र आहे.

२००९ मध्ये त्याच राज्यातील एका तलावात झेब्रा शिंपला आढळला. ही बाहेरून आलेली लहान शिंपली नळ व यंत्रे जाम करते आणि एका होडीबरोबर दुसऱ्या तलावात पोहोचते. त्यानंतर खाजगी होड्यांवर नवी बंधने आली. होडी गरम पाण्याने निर्जंतुक करून घ्यावी, अथवा कडाक्याच्या थंडीत ती पाण्याबाहेर ठेवली असल्याची नोंद करून घ्यावी, असे पर्याय देण्यात आले. जलाशयातून परतताना कर्मचारी होडी आणि तिची गाडी यांना जोडणारी मोहोर लावतात. पुढील खेपेस ती मोहोर अखंड असेल, तर होडी मध्यंतरी अन्य पाण्यात उतरली नाही हे सिद्ध होते व तिला प्रवेश मिळतो.

शिशाच्या वजनांचेही तसेच. लून नावाचा पाणपक्षी तळातील खड्यांबरोबर गळाची शिशाची वजने गिळतो आणि विषबाधेने मरतो. म्हणून २००० पासून क्वाबिन व वाचुसेट येथे आणि २०१२ पासून राज्यातील सर्व गोड्या पाण्यात अशा लहान वजनांवर बंदी आहे. गरुडांच्या बाबतीत हे रक्षण फळास आले आहे. १९८२ पासून क्वाबिनच्या परिसरात पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची पिले आणून वाढविण्यात आली आणि १९८९ पासून त्यांची वीण तेथेच सुरू झाली.

कुंपणाला न जुमानणारे संकट

तथापि एका गोष्टीला पहारा पुरा पडत नाही. दूरवर जळणाऱ्या कोळशातून व अन्य मार्गांनी हवेत गेलेला पारा पावसाबरोबर जलाशयात उतरतो. पाण्यात त्याचे प्रमाण अत्यल्प असते व पाणी पिण्यास सुरक्षित असते. परंतु लहान जीवांकडून लहान माशांत आणि त्यांच्याकडून मोठ्या माशांत तो साठत जातो. त्यामुळे क्वाबिनचे कोणते मासे किती खावेत याविषयी राज्याच्या आरोग्य विभागाने सूचना दिलेल्या आहेत. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी त्या विशेष कडक आहेत. जलाशयाचे रक्षण त्याच्या काठापाशी संपत नाही, हे यावरून दिसून येते.

आपल्यासाठी बोध

ट्राउट आणि सॅल्मन आपल्या महाराष्ट्रातील उष्ण जलाशयांत तग धरणार नाहीत. आपली संपत्ती म्हणजे कटला, रोहू, मृगल आणि महसीर. आपल्याकडे जलाशयातील मासेमारी ही अनेक कुटुंबांची उपजीविकाही आहे, त्यामुळे क्वाबिनचे नियम जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. परंतु त्यांमागील पद्धत घेण्यासारखी आहे. तेथे प्रत्येक बंधनाला सांगता येण्याजोगे कारण आहे आणि ते कारण मासेमाराला ठाऊक आहे. होडीवरील मोहोर, परत सोडलेला लहान मासा आणि शिशाऐवजी वापरलेले दुसरे वजन या गोष्टी पहारेकऱ्याच्या भीतीने फार काळ पाळल्या जात नाहीत, त्या पटल्या तरच टिकतात. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत पाणीपुरवठ्याचे तलाव आहेत, त्यांनी मासेमारी, कपडे धुणे, गुरे धुणे यांसंबंधीचे नियम करताना त्यांची कारणे ग्रामसभेत आणि शाळेत उघडपणे मांडावीत. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांना या चर्चेत प्रथम बोलावणे उचित ठरेल.