वेताळ, तख्त आणि डाकीण

रक्त पिणाऱ्या भुतांच्या गोष्टींना सध्या बाजारात मोठे बरे दिवस आले आहेत. विलायती कादंबऱ्यांतली ही भुते नुसती रात्री-अपरात्री माणसांच्या मानेला चावत नाहीत; ती दरबारात बसतात, वारसांची भांडणे लावतात, किल्लेदार फोडतात आणि जमल्यास स्वतःच तख्तावर चढतात. आमचे विद्यार्थी या कादंबऱ्या आवडीने वाचतात आणि वर विचारतात, "सर, आपल्याकडे असे काही नाही का हो?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे आहे, आणि ते पुष्कळ जुने आहे. फक्त 'चांदोबा'त वाचून, मोठे झाल्यावर आपण ते विसरून गेलो.

रिचर्ड बर्टन या साहेबाने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाचे नाव ठेवले 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. वेताळाला व्हॅम्पायर म्हणणे काही बरोबर नव्हे. व्हॅम्पायर थडग्यातून उठतो तो स्वतःच्या देहाने आणि जगतो दुसऱ्याच्या रक्तावर. वेताळ बापडा परक्या प्रेतात बिऱ्हाड करतो. आपल्या गावोगावी तर तो वेशीवर शेंदूर माखून बसलेला राखणदार आहे. गोव्यात आमोणे, लोलये येथे त्याला देव म्हणून पुजतात. साहेबाचा शब्द चुकला खरा, पण भूत आणि राजा यांची जोडी त्याने नावातच लावली, ते मात्र योग्य केले. कारण वेताळाची मूळ गोष्ट ही भुताची कमी आणि राजकारणाची अधिक आहे.

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तला तो प्रसंग आठवून पाहा. लहानपणी ऐकलेला विक्रम उज्जयिनीचा. सोमदेवाचा राजा त्रिविक्रमसेन मात्र गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज दरबारात येतो, राजाच्या हाती एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. राजा ते फळ खजिनदाराकडे सोपवतो आणि खजिनदार ते कोठारात टाकून देतो. एके दिवशी एक माकड ते फळ फोडते आणि आतून रत्न बाहेर पडते! कोठार उघडून पाहतात तो फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग तेवढा उरलेला. दहा वर्षे गाजावाजा न करता दिलेली ही लाच. तिचे ओझे राजाच्या मानेवर चढल्यावर मग भिक्षू आपले काम सांगतो. वद्य चतुर्दशीच्या रात्री मसणवटीत यायचे, झाडाला टांगलेले प्रेत उतरवायचे आणि खांद्यावर घालून आणायचे.

त्या प्रेतात वेताळ आहे. तो वाटेत गोष्टी सांगतो, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी न्यायाचा एक पेच घालतो आणि अट सांगतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर! अशा चोवीस गोष्टी होतात. शेवटच्या पेचाला राजापाशी खरोखरच उत्तर नसते, आणि तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन खरे कारस्थान उघड करतो. भिक्षूला विद्याधरांचे साम्राज्य हवे आहे आणि त्यासाठी बळी हवा आहे तो या राजाचाच. "साष्टांग नमस्कार घाल" असे तो म्हणेल; तू म्हण, "मी राजा, मला नमस्कार घालणे ठाऊक नाही, आधी तुम्ही दाखवा." राजा तसेच करतो, आणि वाकलेल्या भिक्षूचे मुंडके उडते.

आता या गोष्टीत रक्ताचा तहानलेला कोण? प्रेतातले भूत राजाला न्याय शिकवते आणि त्याचा जीव वाचवते. रक्त हवे असते ते भगव्या वस्त्रातल्या, मवाळ बोलणाऱ्या माणसाला.

सोमदेवाने हे सारे सांगितले ते काश्मीरच्या सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी. त्या राणीच्या घरची कथा कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त आहे. १०६३ साली तिच्याच आग्रहावरून अनंत राजाने मुलाला, कलशाला, गादीवर बसवले. पुढे बापलेकांचे वैर विकोपाला गेले. म्हातारे जोडपे राजधानी सोडून विजयेश्वराला जाऊन राहिले, तर मुलाने तिथेही आग लावली. १०८१ साली अनंताने आत्महत्या केली आणि सूर्यमती सती गेली. त्या वाड्यात वेताळ कोणी पाहिला नव्हता. तिथे सगळी माणसेच होती.

विलायतेतही याहून निराळे घडले नाही. पंधराव्या शतकातला वालाकियाचा राजा व्लाद, म्हणजेच ड्रॅक्युला, क्रूर होता यात शंका नाही. माणसांना तो सुळावर देई. पण १४६२ साली हंगेरीच्या मात्याश राजाने त्याला कैद केले, आणि त्यानंतर त्याच्या राक्षसीपणाच्या कहाण्या जर्मन मुलखात छापून पसरू लागल्या. तुर्कांवरच्या मोहिमेसाठी पोपकडून पैसे घेतलेल्या आणि मोहिमेवर न गेलेल्या मात्याशला त्या मोठ्या सोयीच्या होत्या. ब्रॅम स्टोकरने १८९७ साली ते नाव उचलले आणि त्याला रक्ताची चटक लावली.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर असा एक अमर शापित ऐन दिवाळीतच आठवला जातो. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. हे स्थान अश्वत्थाम्याचे. घुबडाने झोपलेल्या कावळ्यांना मारलेले पाहून त्याने झोपलेल्या पांचालांची आणि द्रौपदीच्या पाच मुलांची कत्तल केली, आणि रक्तपुवाच्या दुर्गंधीसह तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप त्याच्या माथी आला. कपाळाच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत हिंडतो, असे यात्रेकरू सांगतात. पाहा, महाभारताने सिंहासनासाठी रात्री रक्त सांडणाऱ्यालाच शाप दिला आहे. नाव अचूक घेतले आहे.

पण त्याच डोंगराखालच्या पाड्यांवर नाव अचूक घेतले जात नाही, आणि या लेखाचे खरे कारण ते आहे. इथे रक्त शोषणारी, काळीज खाणारी म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ती डाकीण. घरात पोर दगावले, ढोर मेले, की माणसे बडव्याकडे जातात. तो धान्याचे दाणे पाहतो आणि नाव निघते. ते बहुधा एखाद्या विधवेचे, एकट्या बाईचे, जिच्या जमिनीच्या तुकड्यावर भावकीचा डोळा आहे अशा बाईचे असते. गावच्या कारभाऱ्याचे नाव सहसा निघत नाही. मग मारहाण, वाळीत टाकणे, गावातून हाकलणे, आणि कधी खूनही. त्या पैठणच्या भिक्षूला साम्राज्य हवे होते. इथे दोन एकरांवर भागते.

आणि खरे रक्त आटवणारे? ते तिथेच असतात. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या पट्ट्यात पुष्कळ आहे. धडधाकट दिसणाऱ्या आईबापांचे मूल पांढरेफटक पडते, त्याचे सांधे ठणकतात, आणि का ते कोणाला उमगत नाही. त्यात मलेरिया, त्यात कुपोषण, त्यात दवाखाना दूर.

हे आदिवासींचे अज्ञान म्हणून शहरी वाचकाने हात झटकू नयेत. व्हॅम्पायरच्या भयाने थडगी उकरून प्रेतांची विटंबना करणाऱ्या युरोपियनांना आवरण्यासाठी ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीला १७५५ साली हुकूम काढावा लागला होता. उदयपूरच्या महाराणांनी १८५३ साली डाकीण ठरवून मारण्यावर बंदी घातली. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर. कायद्याने पोलिसाला दार उघडून दिले आहे. त्या दारापर्यंत बाईसोबत चालत जाणारे माणूस मात्र गावातूनच यावे लागते.

गावात पुष्कळांना सारे ठाऊक असते. दाणे पाहण्याआधी कोण बडव्याला भेटून आले, बांधाचा तंटा कुणाचा होता, पोर कशाने गेले. पाटलाला ठाऊक असते, मास्तराला ठाऊक असते, आणि शिकून तालुक्याला नोकरी करणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. वेताळाची अट राजाला होती, पण ती यांनाही लागू आहे: उत्तर ठाऊक असून गप्प राहू नये. फरक इतकाच की त्या गोष्टीत गप्प बसणाऱ्याचे डोके फुटणार होते. इथे ते त्या बाईचे फुटते.