सोबतीची मात्रा

मोकळ्या चौकात वा गर्दीच्या बाजारात पाऊल टाकताच ज्यांच्या छातीत धडधडू लागते आणि अंगास दरदरून घाम सुटतो, त्यांच्या व्याधीचे नामकरण बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी 1871 साली केले. परंतु या व्याधीचा निम्मा कारभार रुग्णाच्या घरात, जोडीदाराच्या हस्ते चालतो, याची नीट दखल घेण्यास वैद्यकाला आणखी शतकभर लागले.

पत्नीस एकटीने बाहेर पडवत नाही म्हणून भाजी आणणे, बँकेत जाणे ही कामे पती स्वखुशीने अंगावर घेतो, आणि तिची तात्कालिक सुटका झाली तरी भीतीचा अंमल कायम राहतो; कारण पळ न काढता तिथेच थांबले असता भीती आपोआप ओसरते, हा अनुभवच तिच्या वाट्यास येत नाही.

1977 साली ज्युलियन हाफनर यांनी अशा पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पत्नी सुधारू लागताच काही पतींचेच मनःस्वास्थ्य ढासळते, असे चमत्कारिक निरीक्षण पुढे आले. त्यावरून पतींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला अन्यायाचे वाटते. वर्षानुवर्षांची रखवालदारी एकाएकी बरखास्त झाली, तर कोणासही चुकल्याचुकल्यासारखे वाटणारच.

पुढे 1984 साली अमेरिकेत डेव्हिड बार्लो व त्यांच्या सहकाऱ्यांना, पतीसह उपचार घेणाऱ्या स्त्रियांत अधिक सुधारणा आढळली. अशा उपचारात पतीने आरंभी दुकानाच्या दारापर्यंत सोबत जावे, मग रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबावे, नंतर घरीच राहावे, आणि ‘बरी आहेस ना?’ असे घडोघडी विचारू नये. यांतले शेवटचे कलमच, माझ्या मते, पाळण्यास सर्वांत अवघड.